पायाला मुंग्या येतात, नावं आठवत नाहीत? वयावर ढकलायच्या आधी बी१२ बघा

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना एवढं लांबलचक वाचायला वेळ नाही त्यांचंही काम होईल. बी१२ हे जीवनसत्त्व कमी झालं की रक्त कमी होतं हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय, पण नर्व्ह, म्हणजे मज्जातंतू, बिघडायला आधी रक्त बिघडलंच पाहिजे असा काही नियम नाही. हिमोग्लोबिन छान तेरा, रोज सकाळी फिरायला जाणं चालू, तब्येत एकदम ठणठणीत दिसतेय, आणि तरी आतल्या आत पायाच्या नर्व्ह खराब होत चाललेल्या असू शकतात. आणि हे जितकं उशिरा कळतं तितकं ते परत नीट व्हायची शक्यता कमी होत जाते. बाकीचं सगळं या एका गोष्टीला धरूनच लिहितेय.

मी इंदूरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही, पण बायोकेमिस्ट्री शिकलेय आणि दिवसभर हेच रिपोर्ट हातातून जातात. सकाळी उपाशीपोटी ब्लड द्यायला येणाऱ्यांत आपली मराठी मंडळी खूप असतात, लोकमान्य नगर, सुदामा नगर, रामबाग, सगळीकडची, आणि पट्टा बांधून नस शोधेपर्यंत गप्पा होतातच. मग हळूच निघतं की पायात झुनझुनी होते, तळवे सुन्न पडतात, जमिनीवर चालतोय की गादीवर तेच कळत नाही, ओळखीच्या माणसाचं नाव जिभेवर येऊन अडकतं. आणि त्याला जोडूनच पुढचं वाक्य, "वय झालं आता, चालायचंच." एक काकू तर कलेक्शन रूममध्ये एका पायात चप्पल घालून आल्या. मी म्हटलं, "अहो काकू, दुसरी चप्पल?" ती दाराशीच राहिली होती. त्या खाली बघून म्हणाल्या, "अगं बाई, निघाली होय? मला कळलंच नाही." शुगरची गोळी बरीच वर्षं चालू, घरात अंडंसुद्धा नाही, दूध म्हणजे फक्त चहातलं. बी१२ आलं १४०, दोनशेच्या खाली म्हणजे कमीच. पायातून चप्पल निघालेली न कळणं म्हणजे वय नव्हे, ते नर्व्हचं लक्षण आहे, आणि त्यामागे काय चाललेलं असतं ते नीट समजून घेतलं तर पुढची सगळी गडबड टाळता येते.

आता बी म्हणजे एकच काही नसतं हे आधी. बी गटात आठ जीवनसत्त्वं आहेत, बी१, बी२, बी३, बी५, बी६, बी७, बी९ आणि बी१२. मधले आकडे गायब आहेत कारण सुरुवातीला ज्यांना नंबर दिले त्यातली काही पुढे जीवनसत्त्वं नाहीतच असं ठरलं. आठही पाण्यात विरघळणारी, आणि बहुतेकांचा शरीरात मोठा साठा होत नाही, अपवाद बी१२चा. मेंदू वजनाने आपल्या शरीराच्या दोन टक्के असतो पण बसल्या जागी शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं त्यातली वीस टक्के एकटा मेंदू घेतो, आणि ही ऊर्जा ग्लुकोजमधून काढायच्या कामात बी१, बी२, बी३, बी५ ही सगळी लागतात. म्हणून यांची कमतरता झाली की पहिला फटका मेंदूला आणि नर्व्हला बसतो.

पण आपल्याकडे, म्हणजे इंदूरच्या शाकाहारी मराठी घरात, खरा प्रश्न बी१२चा आहे, म्हणून आधी तिकडे येते.

नर्व्हच्या धाग्याभोवती एक चरबीचं वेष्टन असतं, त्याला मायलिन म्हणतात. मायलिन जाड असेल तर संदेश सेकंदाला पन्नास मीटर आणि त्याहूनही जास्त वेगाने धावतो, ज्या बारीक धाग्यांना मायलिन नसतंच त्यांच्यात तो सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर जातो. एवढा फरक. पाय जमिनीवर कसा टेकलाय, अंगठा वर आहे की खाली, जमीन सरळ आहे की उताराची, ही खबर जाड मायलिनवाल्या धाग्यांतून पायाच्या बोटांपासून निघून पाठीच्या कण्यातून थेट मेंदूच्या बुडाशी पोचते. म्हणजे एकाच पेशीचा धागा माणसाच्या उंचीच्या जवळपास लांब. असले लांब धागे सांभाळणं सगळ्यात अवघड, म्हणून बी१२ कमी पडलं की मुंग्या बहुतेक वेळा पायांतच सुरू होतात, दोन्ही पायांत सारख्या, आणि मग हळूहळू वर चढतात. एकाच पायात कळ येतेय, कंबरेपासून खाली जातेय, तर तो बहुधा मणक्याचा मामला असतो, तिथे बी१२च्या मागे लागून वेळ घालवू नका.

पायाकडून खबर येईनाशी झाली की माणूस नकळत डोळ्यांच्या भरवशावर चालायला लागतो. बघून बघून पाय टाकतो. म्हणून अंधारात तोल जातो, रात्री बाथरूमला उठल्यावर भिंत धरावी लागते, आणि बेसिनपाशी तोंड धुताना साबणामुळे डोळे मिटले की माणूस झुलतो. डॉक्टर पाय जुळवून उभं करून डोळे मिटायला सांगतात ते हेच बघायला. आणि तो लोखंडी चिमट्यासारखा दिसणारा ट्यूनिंग फोर्क, १२८ हर्ट्झचा, तो वाजवून पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवतात आणि विचारतात थरथर जाणवतेय का. डॉक्टरांच्या बोटांना अजून थरथर लागत असते आणि पेशंट म्हणतो, थांबली. दोन मिनिटांची तपासणी आहे, मशीन नको काही नको, आणि पायाला मुंग्या येणाऱ्या प्रत्येकाची ती व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं. तुमच्या डॉक्टरांनी केली नाही तर तुम्ही सांगा, यात संकोच कसला.

बी१२ शरीरात दोनच ठिकाणी काम करतं, पण दोन्ही ठिकाणी त्याच्यावाचून अडतं. एक, होमोसिस्टीन नावाच्या पदार्थाचं मेथिओनिन करणं. या मेथिओनिनपासून पुढे जो पदार्थ बनतो तो मायलिनच्या आणि मेंदूतल्या कितीतरी रसायनांच्या जडणघडणीत लागतो. दोन, पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामध्ये, म्हणजे तिच्या ऊर्जाघरात, काही फॅटी अॅसिड मार्गी लावणं, ते अडलं की मिथाइल मॅलोनिक अॅसिड साचतं, त्याला लॅबमध्ये आम्ही एमएमए म्हणतो. तर रक्तात होमोसिस्टीन आणि एमएमए दोन्ही वाढलेले दिसले म्हणजे बी१२चं काम अडलंय हे जवळजवळ पक्कं.

पहिल्या कामात बी१२च्या जोडीला फोलेट असतं, म्हणजे बी९, गोळीतलं असेल तर फोलिक अॅसिड. आणि इथेच तो घोटाळा होतो ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. बी१२ नसलं की फोलेट पेशीत येतं पण एका रूपात अडकून बसतं, सरवटे बस स्टँडमध्ये गाड्या आत येतायत आणि बाहेर पडायचा रस्ताच बंद, तसं. फोलेट अडकलं की नव्या रक्तपेशी नीट बनत नाहीत आणि अॅनिमिया होतो. आता अशा माणसाला नुसतं फोलिक अॅसिड भरपूर दिलं तर काय होतं, की गोळीतलं फोलिक अॅसिड वेगळ्या वाटेने रक्तपेशींचं काम चालवून देतं, हिमोग्लोबिन वाढतं, माणसाला तरतरी येते, घरचे खूश, आणि नर्व्हचं नुकसान मात्र मागे चालूच राहतं कारण तिथे बी१२च हवं, फोलिक अॅसिडचा काही उपयोग नाही. हे १९४०च्या दशकातच लक्षात आलं होतं. येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे, अमेरिकेत लेडर्ले कंपनीत संशोधन करायचे, त्यांच्या टीमने १९४५ मध्ये फोलिक अॅसिड प्रयोगशाळेत बनवलं, आणि ते पर्निशियस अॅनिमियाच्या, म्हणजे ज्यांच्या पोटातून बी१२ शोषलंच जात नाही अशा, पेशंटना देऊन बघितलं तर रक्त सुधारलं पण नर्व्ह बिघडत गेल्या. तेव्हापासून नियम आहे, बी१२ बघितल्याशिवाय नुसतं फोलिक अॅसिड महिनोन् महिने चालवायचं नाही. नियम जुना आहे, पण "रक्त वाढायची गोळी" म्हणून मेडिकलमधून आयर्न-फोलिकच्या स्ट्रिप आणून वर्षानुवर्षं खाणारे लोक मी रोज बघते.

फोलेटचा आपल्या मुंबईशी पण संबंध आहे. लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ च्या सुमारास मुंबईला आल्या, कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना जो भयंकर अॅनिमिया व्हायचा त्याचा त्या अभ्यास करत होत्या. यीस्टपासून बनवलेल्या मार्माइटने तो बरा होतो हे त्यांनी १९३१ मध्ये छापलं. त्यातलं जे काम करत होतं तेच पुढे फोलेट म्हणून ओळखलं गेलं. आणि फोलेटचं मेंदूसाठीचं सगळ्यात मोठं काम तर बाळ जन्मायच्याही कितीतरी आधी होतं, गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बाळाचा मेंदू आणि कणा ज्या नळीपासून बनतो ती नळी बंद होते, म्हणजे पुष्कळदा आईला दिवस गेलेत हेही कळलेलं नसतं. म्हणून मूल हवं असं ठरलं की आधीपासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिड सुरू करायला सांगतात. ज्यांच्या आधीच्या बाळाची ही नळी नीट बंद झालेली नव्हती अशा बायकांवर ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने मोठी चाचणी केली होती, १९९१ मध्ये निकाल आला, जास्त डोसच्या फोलिक अॅसिडने हा धोका ७२ टक्क्यांनी कमी झाला. तेव्हा वरचं वाचून कुणी गरोदर मुलीची फोलिक अॅसिडची गोळी बंद करू नका, प्लीज. गोळी घ्यायचीच, सोबत बी१२ पण तपासून घ्यायचं.

कारण आईचं बी१२ कमी असलं आणि बाळ फक्त अंगावर पीत असलं तर बाळालाही ते मिळत नाही. सहा महिन्यांनंतर अशी बाळं मंद व्हायला लागतात, हसायची ती हसेनाशी होतात, बसायला लागलेलं मूल परत लोळायला लागतं, केस विरळ आणि भुरे, बोटांच्या सांध्यांवर काळसर डाग, आणि कधी हातपाय थरथरतात. आपल्या देशातले बालरोगतज्ज्ञ हे चांगलं ओळखतात. बी१२ दिलं की बाळ काही दिवसांत परत नजर द्यायला लागतं, पण फार उशीर झाला तर विकासात कायमची कसर राहू शकते. घरात नवी आई असेल, दूध-दही आवडत नसेल, तर हे मनावर घ्या.

आता बी१२ कमी का होतं. ते वनस्पती बनवत नाहीत, प्राणीही बनवत नाहीत, फक्त जिवाणू बनवतात. गाय-म्हशीच्या पोटातले जिवाणू बनवतात, ते दुधात आणि मांसात उतरतं. मासे, अंडी, मटण, लिव्हर, दूध, दही, पनीर, संपली यादी. पालक नाही, मोड आलेले मूग नाहीत, इडलीचं आंबवलेलं पीठ नाही, मशरूम भरवशाचं नाही, आणि स्पिरुलिनात जे असतं ते बहुतांशी बी१२सारखं दिसणारं पण आपल्या शरीराला न चालणारं असतं. लोक मला व्हॉट्सअॅपवर याद्या दाखवतात, बीटाने बी१२ वाढतं, केळ्याने वाढतं. नाही वाढत.

मोठ्या माणसाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागतं, इतकं कमी की चिमटीतसुद्धा दिसणार नाही. शंभर मिली दुधात साधारण ०.४ ते ०.५. आता आपल्या घरातल्या एखाद्या आजींचा दिवस मांडून बघा. सकाळी चहा, पोहे आणि वर सेव, एकादशी असेल तर साबूदाण्याची खिचडी, जेवणात वरण-भात, पोळी, भाजी, वाटीभर पातळ ताक, चारला परत चहा, रात्री मुगाची खिचडी. दोन चहातलं मिळून दूध शंभर मिली धरा, ताकात दही जेमतेम पन्नास ग्रॅम. सगळं मिळून पाऊण मायक्रोग्रॅमही भरत नाही, आणि खाल्लेलं सगळं पचत नाही ते वेगळंच. त्यात चहात दूध खळाखळा उकळतो आपण, अर्धा तास उकळलं तर दुधातलं जवळपास निम्मं बी१२ जातं. रोज दोन ग्लास दूध आणि मोठी वाटी घट्ट दही घेणारा माणूस शाकाहारी असूनही ठीक राहू शकतो, "आम्ही दूध घेतो की" म्हणणारे बहुतेक लोक तेवढं घेत नाहीत. पॅकेटवर फोर्टिफाइड लिहिलेल्या दुधात ए आणि डी घातलेलं असतं, बी१२ नाही. फोर्टिफाइड तांदळात असतं, पण किलोमागे साधारण एक मायक्रोग्रॅम, त्यावर दिवस निघत नाही.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने पुण्यातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं बी१२ मोजलं होतं, २००६ मध्ये छापलं. ६७ टक्क्यांचं कमी निघालं. आणि शहरातल्या मध्यमवर्गात, म्हणजे खाऊन-पिऊन सुखी घरांत, ८१ टक्के! झोपडपट्टी आणि खेड्यापेक्षा जास्त. इंदूरच्या आपल्या घरांतलं खाणं त्यापेक्षा फार वेगळं आहे असं मला वाटत नाही.

फक्त खाण्याचाच प्रश्न असता तर सोपं होतं. बी१२ अन्नातून सुटं व्हायला पोटातलं अॅसिड लागतं, मग पोटाच्याच पेशींनी सोडलेलं इन्ट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रोटीन त्याला धरतं, आणि ही जोडी लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला जाऊन आत घेतली जाते. यातली एक कडी तुटली की झालं. उतारवयात पोटातलं अॅसिड कमी होतं. अॅसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं अॅसिड आपणच बंद केलेलं असतं, आणि रात्री सराफा बाजारातलं चमचमीत खाऊन सकाळी ही गोळी, असं रोजचं असलेले लोक इथे कमी नाहीत. शेवटच्या टोकाच्या आतड्याला टीबी झालेला असला किंवा ऑपरेशनमध्ये ते काढलेलं असलं तरी तेच. काहींचं शरीर स्वतःच इन्ट्रिन्सिक फॅक्टरच्या विरोधात जातं, तो पर्निशियस अॅनिमिया, एके काळी यात माणूस हमखास जायचा. १९२६ मध्ये मायनॉट आणि मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी पेशंटना रोज भरपूर लिव्हर खायला घालून वाचवलं, १९३४ चं नोबेल त्यांना व्हिपल यांच्यासोबत मिळालं, आणि त्या लिव्हरमधलं बी१२ शेवटी १९४८ मध्ये वेगळं करता आलं.

आणि मेटफॉर्मिन. शुगरची सगळ्यात जास्त लिहिली जाणारी गोळी, चांगली गोळी आहे, बंद करायची नाही, पण ती बरीच वर्षं घेतली की आतड्यातून बी१२ कमी शोषलं जातं. आणि शुगरनेसुद्धा पायाच्या नर्व्ह खराब होतात, मुंग्या तशाच, सुन्नपणा तसाच. मग सगळे म्हणतात शुगरचं आहे, आणि बी१२ कुणी बघतच नाही. शुगरने झालेलं नुकसान परत भरून काढायला गोळी नाही, बी१२ कमी पडून झालेल्याला आहे, वेळेत कळलं तर. एवढा फरक असताना एक टेस्ट न करणं मला फार खटकतं.

यकृतात बी१२चा साठा दोन-तीन मिलिग्रॅमचा असतो, तो काही वर्षं पुरतो, म्हणून खाणं आज बदललं तरी त्रास चार-पाच वर्षांनी दिसतो आणि तोवर कारण कुणाच्या लक्षात राहिलेलं नसतं. मेंदूवरही परिणाम होतो बरं का, फक्त पायांवर नाही. विसरभोळेपणा, चिडचिड, उगाच उदास वाटणं, कधी संशय घेणं, भास होणं. म्हातारपणी स्मृती जायला लागली की डॉक्टर ज्या पहिल्या टेस्ट लिहितात त्यात बी१२ आणि थायरॉइड असतात, कारण ही परत फिरवता येण्यासारखी कारणं आहेत. उलट्या बाजूने मात्र हे ताणू नका, म्हणजे बी१२ चांगलं असलेल्या माणसाने गोळ्या खाल्ल्या तर स्मरणशक्ती वाढते याला आधार नाही. ऑक्सफर्डला २०१० मध्ये एक चाचणी छापून आली, थोडा विसराळूपणा सुरू झालेल्या म्हाताऱ्या लोकांना दोन वर्षं फोलिक अॅसिड, बी१२ आणि बी६ दिलं तर त्यांचा मेंदू आकसण्याचा वेग वर्षाला १.०८ टक्क्यांऐवजी ०.७६ टक्के राहिला, पण तो फायदा मुख्यतः ज्यांचं होमोसिस्टीन वाढलेलं होतं त्यांना झाला. कमी होतं ते भरून निघालं, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षेच्या आधी मुलांना बी-कॉम्प्लेक्स देऊन काही होत नाही.

बाकीच्या बींचं थोडक्यात सांगते, बी१ सोडून, त्याच्यावर जरा थांबायला पाहिजे. जावामध्ये १८९०च्या दशकात आइकमान नावाचे डच डॉक्टर होते, बेरीबेरीने लोकांचे पाय लुळे पडत होते आणि कारण सापडत नव्हतं. त्यांच्या लॅबच्या कोंबड्या पण तशाच लुळ्या पडायला लागल्या, आणि मग एके दिवशी आपोआप बऱ्या झाल्या. शोध घेतला तर कळलं की मधल्या काळात त्यांना हॉस्पिटलच्या किचनमधला उरलेला पांढरा भात घातला जात होता, मग नवा स्वयंपाकी आला, त्याने तो भात द्यायला नकार दिला आणि कोंबड्यांना परत बिनपॉलिशचा तांदूळ मिळायला लागला. तांदळाच्या कोंड्यात जे होतं ते बी१, थायमिन. आइकमानना १९२९ मध्ये नोबेल मिळालं. बी१चा साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो, त्यामुळे रोज दारू पिणारे, गरोदरपणात सारख्या उलट्या होणाऱ्या बायका, वजन कमी करायचं ऑपरेशन झालेले, यांच्यात ते झपाट्याने संपतं. अचानक गोंधळल्यासारखं बोलणं, डोळे नीट न फिरणं, चालताना झोक जाणं असं काही दिसलं तर तडक हॉस्पिटल गाठा आणि दारूचं किंवा उलट्यांचं आधी सांगा, लपवू नका, कारण अशा पेशंटला नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं तर उरलंसुरलं बी१ पण खर्ची पडतं, म्हणून थायमिन आधी किंवा सोबत द्यावं लागतं. वेळ गेली तर जी स्मृती जाते ती बहुतेकदा पूर्ण परत येत नाही.

बी३, नायसिन, त्याच्या कमतरतेने पेलाग्रा होतो, कातडी सोलते, जुलाब लागतात आणि डोकं बिघडतं. फक्त मका खाऊन राहणाऱ्यांत हा व्हायचा, दख्खनमध्ये फक्त ज्वारीवर राहणाऱ्या गरिबांतही दिसायचा. तुम्ही भुट्ट्याचा कीस आवडीने खाता म्हणून घाबरायचं कारण नाही, त्यात दूध घालतो आपण आणि रोजचं जेवण वेगळं असतंच. बी२ आणि बी५ची एकट्याची कमतरता क्वचित, बी२ची गोळी घेतल्यावर लघवी पिवळीधमक होते त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

बी६ मात्र नीट ऐका. मेंदूतलं सेरोटोनिन, डोपामिन, गाबा हे बनवायला ते लागतं, आणि टीबीच्या आयसोनियाझिड या औषधाने ते कमी पडतं म्हणून सोबत त्याची वेगळी गोळी देतात, ती चुकवू नका. पण हे एक असं बी आहे जे जास्त झालं तरी नर्व्ह बिघडवतं, आणि लक्षणं तीच, पायाला मुंग्या, सुन्नपणा, झोक. १९८३ मध्ये सात पेशंटची नोंद छापली गेली, रोज दोन ते सहा ग्रॅम घेणारे, चालणं मुश्किल झालेलं. पुढे त्याहून बऱ्याच कमी डोसवरही त्रास दिसला, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये वरची मर्यादा दिवसाला १२ मिलिग्रॅमवर आणली. गरज दीड-दोन मिलिग्रॅमची. मेडिकलवर मिळणाऱ्या काही गोळ्यांत १०० मिलिग्रॅमसुद्धा सापडतं. म्हणजे मुंग्या येतात म्हणून माणूस "नसांची गोळी" स्वतःच आणून दोन-तीन वर्षं खातो आणि त्या गोळीनेच मुंग्या वाढतात, असं होऊ शकतं. स्ट्रिप उलटी करून पायरिडॉक्सिन, म्हणजे बी६, किती आहे ते वाचा.

आता टेस्टचं, हे माझ्या रोजच्या कामातलं. बी१२ २००च्या खाली आलं, म्हणजे पिकोग्रॅम प्रति मिली, तर कमी. २०० ते ३०० हा पट्टा फसवा, लॅबच्या छापील रेंजमध्ये बसतो म्हणून रिपोर्टवर लाल अक्षर येत नाही, पण लक्षणं असतील तर डॉक्टरांना दाखवून होमोसिस्टीन किंवा एमएमए करून घ्यावं. होमोसिस्टीनचं सॅम्पल बर्फात ठेवून लगेच वेगळं करावं लागतं, नाहीतर खोटं वाढलेलं येतं, घरून कलेक्शन असेल तर हे विचारून घ्या. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या टेस्टमध्ये, रक्तपेशी मोठ्या झालेल्या दिसतात, पण सोबत आयर्न पण कमी असेल, जे आपल्या बायकांत सर्रास असतं, तर मोठ्या आणि लहान पेशींची सरासरी नॉर्मल येते आणि दोन्ही आजार झाकले जातात. टेस्ट बी१२च्या इंजेक्शनच्या आधी करा, नंतर केली की आकडा आकाशाला भिडतो आणि त्यावरून काहीच कळत नाही. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील, म्हणजे बी७, पाच-दहा मिलिग्रॅमच्या, तर ते लॅबमध्ये सांगा. बऱ्याच मशीनमध्ये बायोटिनमुळे रिपोर्ट चुकतो, थायरॉइडचा चुकतो, बी१२ खोटं जास्त येऊ शकतं. दोन-तीन दिवस आधी बंद करून या. गरज खरंतर दिवसाला तीस मायक्रोग्रॅमची असते.

इलाज स्वस्त आहे. नर्व्हचा त्रास असेल तर डॉक्टर सुरुवातीला इंजेक्शनच देतात, लाल रंगाचं असतं ते, आधी लवकर लवकर, मग अंतर वाढवत. नंतर गोळी. लोक विचारतात पोटातून जातच नाही तर गोळीचा काय उपयोग, तर मोठ्या डोसचा साधारण एक टक्का इन्ट्रिन्सिक फॅक्टर नसतानाही तसाच झिरपतो, हजार मायक्रोग्रॅमच्या गोळीतून दहा, म्हणजे रोजच्या गरजेच्या चौपट. रक्त आठवड्या-दोन आठवड्यांत सुधारायला लागतं. नर्व्हला वेळ लागतो, तीन महिने, सहा महिने, कधी वर्ष, आणि सुरुवातीला मुंग्या थोड्या वाढू पण शकतात, तेव्हा इंजेक्शन सोसलं नाही म्हणून अर्ध्यात सोडू नका, डॉक्टरांना फोन करा. ज्यांचं कारण कायमचं आहे, आहार तोच, मेटफॉर्मिन तेच, आतडं काढलेलं, त्यांनी रिपोर्ट ६०० आला म्हणून गोळी बंद केली तर काही वर्षांत परत तिथेच येतात, त्यांना ती चालूच ठेवावी लागते. आणि मेटफॉर्मिन किंवा अॅसिडिटीची गोळी बरीच वर्षं चालू असेल, शाकाहारी असाल, तर पुढच्या वेळी शुगर तपासायला जाल तेव्हा त्याच सुईत बी१२ पण करायला सांगा, वेगळं ब्लड द्यावं लागत नाही.